प्रिन्स फिलिपचं घराणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या राजघराण्यांवर लिहायला लागल्यापासून सर्वांत जास्त प्रश्न एकाच माणसाबद्दल येतात. राणी दुसरी एलिझाबेथ हिचा नवरा, एडिंबराचा ड्यूक फिलिप. तो मूळचा कुठला, माउंटबॅटन त्याचा कोण, बहिणींना लग्नाला का बोलावलं नाही, हे पुन्हा पुन्हा विचारलं जातं. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, गुंतागुंतीचे पुढे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फिलिप नक्की कुठला? ग्रीक, डॅनिश, जर्मन की इंग्रज?

जन्माने तो ग्रीस आणि डेन्मार्कचा राजपुत्र. पण त्याच्या आजी-आजोबांची जन्मस्थळं पाहिली की चित्र बदलतं. वडिलांचे वडील, ग्रीसचा राजा पहिला जॉर्ज, जन्मले कोपनहेगनला. वडिलांची आई ओल्गा रशियन, झार पहिल्या निकोलसची नात. आईचे वडील बाटेनबर्गचे लुई, जन्म ऑस्ट्रियातल्या ग्रात्सचा. आणि आईची आई, हेसची व्हिक्टोरिया, जन्मली इंग्लंडात, विंडसरच्या किल्ल्यात. फिलिपची आई अ‍ॅलिसही त्याच किल्ल्यात जन्मलेली.

म्हणजे ज्याला ब्रिटनमध्ये ‘परका’ म्हणून नाकं मुरडली गेली, त्याची आई आणि आजी दोघी विंडसरच्या. ग्रीक रक्त मात्र जवळपास नाहीच. घरात इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन बोलत. ग्रीक त्याला थोडंफार समजायचं. घराण्याचं पूर्ण नाव श्लेस्विग-होल्स्टाइन-सोंडरबर्ग-ग्ल्यूक्सबर्ग. सोयीसाठी सगळे ग्ल्यूक्सबर्गच म्हणतात.

२. डेन्मार्कचा मुलगा ग्रीसच्या गादीवर बसलाच कसा?

१८६२ मध्ये ग्रीकांनी आपला पहिला राजा, बव्हेरियाचा ओटो, याला घालवून दिलं आणि नवा राजा निवडायला मतदान घेतलं. त्यांना हवा होता व्हिक्टोरिया राणीचा दुसरा मुलगा आल्फ्रेड. २,४१,२०२ मतांपैकी २,३०,०१६ त्याला पडली. पण ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांचं आधीच ठरलं होतं, की आपल्यापैकी कोणाच्याही राजघराण्यातला माणूस तिथे बसवायचा नाही. मग शोधाशोध होऊन नाव पुढे आलं डेन्मार्कच्या सतरा वर्षांच्या विल्यमचं. मतदानात त्याला मिळाली होती सहा मतं. १८६३ मध्ये तो ‘हेलेनीसांचा (म्हणजे ग्रीकांचा) राजा पहिला जॉर्ज’ झाला आणि जवळपास पन्नास वर्षं टिकला. १९१३ मध्ये थेसालोनिकीत त्याचा खून झाला.

आता गंमत पाहा. मतदान जिंकूनही राजा न झालेल्या आल्फ्रेडला १८६६ मध्ये ‘ड्यूक ऑफ एडिंबरा’ ही पदवी मिळाली. सहा मतांवर राजा झालेल्या विल्यमच्या नातवाला, म्हणजे फिलिपला, १९४७ मध्ये तीच पदवी नव्याने दिली गेली. मुंबईकरांना आल्फ्रेड ठाऊक असायला हवा. १८७० मध्ये तो मुंबईला आला होता आणि त्या भेटीच्या स्मरणार्थ रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम बांधलं गेलं. रीगलसमोरची ती दगडी इमारत पुढे विधिमंडळाची झाली आणि आता तिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे.

३. फिलिपच्या जन्माच्या दोन तारखा का दिसतात? २८ मे की १० जून?

दोन्ही बरोबर. ग्रीसमध्ये १९२१ साली अजून जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं, त्यानुसार २८ मे. आपल्या कॅलेंडरप्रमाणे १० जून १९२१. जन्म कोर्फू बेटावरच्या ‘मों रेपो’ या बंगल्यात. हा बंगला मुळात बेटावरच्या ब्रिटिश उच्चायुक्तासाठी बांधलेला. पहिला जॉर्ज गादीवर आला त्यानंतर, १८६४ मध्ये, ब्रिटनने ही बेटं ग्रीसला दिली आणि बंगला राजाकडे आला.

४. ग्रीसमधून त्यांना हाकलून दिलं होतं, हे खरं का?

खरं. फिलिपचे वडील अँड्र्यू हे पहिल्या जॉर्जचे चौथे चिरंजीव, पेशाने सैनिक. तुर्कस्तानविरुद्धच्या युद्धात त्यांच्याकडे एका सैन्यदलाची कमान होती. १९२२ मध्ये ग्रीसचा दारुण पराभव झाला, सैन्याने बंड केलं आणि राजा कॉन्स्टंटाइन, म्हणजे अँड्र्यूंचा थोरला भाऊ, पायउतार झाला. नोव्हेंबरात माजी पंतप्रधानांसह सहा जणांना गोळ्या घातल्या. अँड्र्यूही अटकेत होते. पाचव्या जॉर्जच्या ब्रिटनने हालचाल केली म्हणून त्यांची शिक्षा हद्दपारीवर निभावली. ‘कॅलिप्सो’ या ब्रिटिश युद्धनौकेने कुटुंबाला बाहेर काढलं. दीड वर्षाच्या फिलिपला झोपवायला संत्र्यांच्या खोक्याचा पाळणा केला होता.

पुढे ते पॅरिसजवळ सँ-क्लूला राहिले. घरही स्वतःचं नव्हतं, काकू मारी बोनापार्तने दिलेलं. फिलिपचा जन्म राजघराण्यात झाला म्हणून त्याचं बालपण राजेशाही होतं, असं समजू नका. दहाव्या वर्षानंतर त्याला ‘आपलं घर’ म्हणावं असं काही उरलंच नाही.

५. फिलिपच्या आईला वेड लागलं होतं का? ती नन होती म्हणतात, ते कसं?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना विनंती की उत्तर शेवटपर्यंत वाचा. या सगळ्या घराण्यात मला सर्वांत मोठी वाटते ती अ‍ॅलिसच, आणि सर्वांत कमी लिहिलं जातं तेही तिच्याबद्दलच.

अ‍ॅलिस १८८५ ची. जन्मतः बहिरी. ओठांच्या हालचालींवरून ती एकाहून अधिक भाषा समजून घ्यायला शिकली. १९०३ मध्ये अँड्र्यूशी लग्न झालं. बाल्कन युद्धांत ती आघाडीजवळच्या इस्पितळांत जखमींची शुश्रूषा करत होती आणि त्यासाठी तिला ब्रिटनचा ‘रॉयल रेड क्रॉस’ मिळाला. चार मुली, मग सात वर्षांनी फिलिप, मग हद्दपारी. १९३० मध्ये तिची मानसिक प्रकृती ढासळली. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं आणि तिच्या इच्छेविरुद्ध स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइट्सलिंगेनच्या आरोग्यधामात नेऊन ठेवलं. फिलिप तेव्हा आठ वर्षांचा. वडील हळूहळू फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्थिरावले, बहिणींची लग्नं झाली आणि पोरगा नातेवाइकांकडे वाढला. १९३२ ते १९३७ या वर्षांत आई-मुलाची भेट नाही.

बरी झाल्यावर अ‍ॅलिस अथेन्सला परतली, आणि युद्ध सुरू झाल्यावरही तिथून हलली नाही. जर्मनांनी शहर व्यापलं तेव्हा तिने राशेल कोहेन ही ज्यू विधवा आणि तिच्या मुलांना स्वतःच्या घरात लपवलं. गेस्टापोने चौकशी केली तेव्हा, सांगतात की, तिने आपलं बहिरेपण पुढे केलं आणि प्रश्न समजतच नाहीत असं दाखवलं. कोहेन कुटुंब वाचलं. त्याच वेळी तिचे जावई जर्मन बाजूला होते आणि मुलगा ब्रिटिश नौदलात, हे लक्षात घेतलं की तिच्या एकटेपणाची कल्पना येते.

१९४९ मध्ये तिने ग्रीसमध्ये शुश्रूषा करणाऱ्या जोगिणींचा एक संघ काढला. १९५३ च्या राज्याभिषेकाला सगळ्या बायका हिऱ्यामोत्यांत असताना ती साध्या राखाडी झग्यात होती. दागिने तिने कधीच वाटून टाकायला सुरुवात केली होती. एलिझाबेथच्या साखरपुड्याच्या अंगठीतले हिरेही अ‍ॅलिसच्याच मुकुटातले. १९६७ मध्ये ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर ती सुनेच्या घरी, बकिंगहॅम राजवाड्यात आली आणि १९६९ मध्ये तिथेच वारली. १९८८ मध्ये तिची शवपेटी तिच्या इच्छेप्रमाणे जेरुसलेमला, ऑलिव्ह टेकडीवरच्या रशियन मठात नेली. तिची मावशी एला तिथेच आहे. १९९३ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने तिला ‘राष्ट्रांमधील सत्शील’ हा सन्मान दिला. तो घ्यायला पुढच्या वर्षी फिलिप आणि त्याच्या बहिणींपैकी सर्वांत धाकटी सोफी गेले होते.

६. बहिणी नाझी होत्या म्हणून त्यांना लग्नाला बोलावलं नाही, असं वाचलं. कितपत खरं?

चारही बहिणींनी १९३०-३१ मध्ये जर्मन सरदार-राजपुत्रांशी लग्नं केली. थोरली मार्गारिटा होहेनलोहे-लांगेनबुर्गला दिली, थिओडोरा बाडेनला, सेसिली हेस-डार्मश्टाटला आणि सोफी हेसच्याच दुसऱ्या शाखेत. सेसिली आणि तिचा नवरा १९३७ मध्ये नाझी पक्षात गेले. सोफीचा नवरा क्रिस्टोफ एसएस या नाझी निमलष्करी दलाचा अधिकारी होता आणि हिटलरचा सहकारी ग्योरिंग याच्या हाताखाली फोन चोरून ऐकणाऱ्या खात्याचा प्रमुख. १९४३ मध्ये इटलीत विमान कोसळून तो मेला. हे झाकण्यासारखं नाही.

पण सगळ्यांना एकाच माळेत ओवणंही चूक. थिओडोराच्या सासरने ‘झालेम’ची शाळा चालवली. तिचा संस्थापक-शिक्षक कुर्ट हान ज्यू कुटुंबातला. नाझींनी १९३३ मध्ये त्याला अटक केली, सुटल्यावर तो ब्रिटनला गेला आणि स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली. फिलिप आधी झालेमला आणि मग गॉर्डनस्टनला शिकला तो या नात्यानेच.

२० नोव्हेंबर १९४७ च्या लग्नाला तिन्ही हयात बहिणींना आमंत्रण नव्हतं. युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती, लंडनमध्ये बॉम्बने पडलेली घरं तशीच होती आणि जर्मन मेव्हण्यांचं दर्शन लोकांना रुचलं नसतं. राजकारण म्हणून निर्णय समजतो. भाऊ म्हणून फिलिपला तो जड गेला असणार. १९५३ च्या राज्याभिषेकाला मात्र तिघी आल्या.

७. ‘द क्राउन’ मालिकेत दाखवलंय की फिलिपच्या चुकीमुळे सेसिली विमानात बसली आणि गेली. खरंच?

नाही. १६ नोव्हेंबर १९३७ रोजी सेसिली, तिचा नवरा, दोन लहान मुलगे आणि सासू लंडनला निघाले होते ते दिराच्या लग्नासाठी. बेल्जियममध्ये ओस्टेंडजवळ दाट धुक्यात विमान एका कारखान्याच्या धुराड्याला धडकलं. सेसिली आठ महिन्यांची गरोदर होती. सोळा वर्षांच्या फिलिपचा त्या प्रवासाशी काही संबंध नव्हता. तो शाळेत होता, तिथून अंत्यविधीला डार्मश्टाटला गेला. त्या अंत्यविधीतच अ‍ॅलिस आणि अँड्र्यू कित्येक वर्षांनी समोरासमोर आले. मागे राहिलेली तान्ही मुलगी योहाना काका-काकूंनी दत्तक घेतली, पण १९३९ मध्ये तीही गेली. एका घरावर इतकं कोसळलं असताना त्यात अपराधाची खोटी गोष्ट जोडावी, याचा मला राग येतो.

८. भारताचा शेवटचा व्हाइसरॉय माउंटबॅटन फिलिपचा कोण लागतो? त्यानेच त्याला वाढवलं ना?

सख्खा मामा. अ‍ॅलिसचा धाकटा भाऊ. मात्र ‘त्यानेच वाढवलं’ हे अर्धसत्य आहे. शाळकरी फिलिपचं पालकत्व होतं थोरला मामा जॉर्ज, मिलफर्ड हेवनचा मार्क्विस, याच्याकडे. १९३८ मध्ये तो कॅन्सरने वारला आणि मग लुई मामा पुढे आला. नंतर त्याचंच नाव मोठं झाल्याने जॉर्ज मामा विसरला गेला.

हे घराणं मूळचं बाटेनबर्ग. हेसच्या राजपुत्र अलेक्झांडरने १८५१ मध्ये यूलिया हाउके या दरबारातल्या तरुणीशी लग्न केलं. ती बरोबरीच्या कुळातली नव्हती, म्हणून मुलांना हेसच्या गादीवर हक्क नाही आणि वेगळं नाव, हे ठरलं. त्यांचा मुलगा लुई ब्रिटिश नौदलात चढत चढत सर्वोच्च पदावर पोहोचला, आणि पहिलं महायुद्ध सुरू होताच जर्मन कुळामुळे १९१४ मध्ये राजीनामा द्यावा लागला. १९१७ मध्ये पाचव्या जॉर्जने घराण्याचं नाव विंडसर केलं, त्याच वेळी बाटेनबर्गचं माउंटबॅटन झालं.

भाच्याचं आणि मामाचं १९४७ साल पाहण्यासारखं आहे. मार्चमध्ये फिलिपचं ब्रिटिश नागरिकत्व गॅझेटात छापून आलं, त्याच महिन्यात मामा दिल्लीत उतरला. नोव्हेंबरात तो भारताचा गव्हर्नर जनरल असताना लग्नासाठी लंडनला गेला आणि तेवढे दिवस राजाजींनी त्या पदाचं काम पाहिलं. जाताना त्याच्याबरोबर गांधीजींची भेट होती: त्यांनी स्वतः कातलेल्या सुताचं जाळीदार वस्त्र, मधोमध ‘जय हिंद’ विणलेलं.

९. फिलिप आणि एलिझाबेथ एकमेकांचे नातेवाईक होते म्हणतात. नातं नेमकं काय?

नाती दोन आहेत, म्हणून गोंधळ होतो.

पहिलं व्हिक्टोरिया राणीकडून. फिलिपची आई अ‍ॅलिस, आजी हेसची व्हिक्टोरिया, पणजी राजकन्या अ‍ॅलिस, खापरपणजी व्हिक्टोरिया राणी. एलिझाबेथचे वडील सहावा जॉर्ज, आजोबा पाचवा जॉर्ज, पणजोबा सातवा एडवर्ड, खापरपणजी तीच व्हिक्टोरिया राणी. दोघंही तिच्यापासून सारख्याच अंतरावर.

दुसरं नातं जवळचं. डेन्मार्कचा राजा नववा क्रिस्टियन याला ‘युरोपचा सासरा’ म्हणत, कारण त्याच्या मुलींनी आणि मुलांनी अर्ध्या युरोपशी सोयरीक केली. त्याचा मुलगा पहिला जॉर्ज हा फिलिपचा आजोबा. त्याची मुलगी अलेक्झांड्रा ही एलिझाबेथची पणजी. म्हणजे याचे आजोबा आणि तिची पणजी सख्खी भावंडं. पिढीने पाहिलं तर फिलिप एलिझाबेथच्या वडिलांच्या ओळीत बसतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट हाही परदेशी राजपुत्र, आणि तिचा मामेभाऊ. राणीशी लग्न केलेल्या एका परक्या राजपुत्राच्या थेट वंशात दुसरा जन्मला.

१०. आपल्या हिशेबाने हे लग्न सपिंडात बसलं असतं का?

हा प्रश्न फक्त मराठी वाचकच विचारतात आणि मला तो फार आवडतो. कायदा त्यांना लागू नव्हता, पण मोजून पाहू. हिंदू विवाह कायद्यात स्वतःला पहिली पिढी धरून वर मोजतात: आईकडून तिसऱ्या पिढीपर्यंत, वडिलांकडून पाचव्या. व्हिक्टोरिया राणी दोघांचीही पाचवी पिढी. एलिझाबेथला ती वडिलांकडून, म्हणजे मर्यादेत. फिलिपला मात्र आईकडून, म्हणजे मर्यादेबाहेर. इथे सपिंड नाही.

नववा क्रिस्टियन घ्या. फिलिपला तो वडिलांकडून चौथा, एलिझाबेथला वडिलांकडून पाचवा. दोघांच्याही मर्यादेत. म्हणजे सपिंड! रूढीचा अपवाद सिद्ध झाला नसता, तर आपल्याकडे हे लग्न अडलं असतं.

११. फिलिपला ब्रिटिश नागरिकत्व घ्यावं लागलं, की तो जन्मतःच ब्रिटिश होता?

घेतलं खरं, पण गरज नव्हती. लग्नाआधी त्याने ग्रीस-डेन्मार्कच्या पदव्या सोडल्या आणि रीतसर नागरिकत्व घेऊन लेफ्टनंट फिलिप माउंटबॅटन झाला. पुढे हॅनोव्हरच्या राजपुत्राच्या दाव्यात १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की १७०५ च्या कायद्याप्रमाणे जिच्या वंशाकडे ब्रिटनची गादी आली त्या हॅनोव्हरच्या सोफियाचे प्रॉटेस्टंट वंशज आपोआप ब्रिटिश प्रजाजन ठरतात. तो कायदा १९४८ पर्यंत जिवंत होता आणि फिलिप सोफियाचा वंशज. म्हणजे सगळा कागदोपत्री खटाटोप फुकट गेला होता.

१२. राजाची बायको राणी होते, मग राणीचा नवरा राजा का नाही?

ब्रिटनमधली रीत तशी आहे: बायकोला नवऱ्याचा दर्जा मिळतो, उलट होत नाही. फिलिपला लग्नाच्या वेळी ड्यूक केलं आणि १९५७ मध्ये युनायटेड किंग्डमचा प्रिन्स. अल्बर्टला १८५७ मध्ये मिळालेली ‘प्रिन्स कन्सॉर्ट’ ही पदवी त्याला मिळाली नाही. जुना अपवाद आहे तो दुसऱ्या एका फिलिपचा. १५५४ मध्ये मेरी ट्यूडरशी लग्न केलेल्या स्पेनच्या फिलिपला इंग्लंडचा राजा म्हणत. डेन्मार्कच्या मार्ग्रेट राणीचा फ्रेंच नवरा हेन्रिक याला राजा न केल्याचं दुःख आयुष्यभर होतं. राणीशेजारी दफन नको, असं त्याने २०१७ मध्ये सांगून टाकलं.

१३. रशियाच्या शेवटच्या झारच्या कुटुंबाच्या हाडांची ओळख फिलिपच्या रक्तावरून पटली, ते कसं?

मायटोकाँड्रियल डीएनए फक्त आईकडून मुलांना मिळतो. झारिना अलेक्झांड्रा ही फिलिपच्या आजीची सख्खी बहीण, म्हणजे अ‍ॅलिसची मावशी. (प्रश्न ५ मधली एला ही त्यांची आणखी एक बहीण, तिलाही १९१८ मध्ये बोल्शेविकांनी मारलं.) आजी, आई, फिलिप ही धार अखंड बायकांमधून आलेली, म्हणून त्याचा डीएनए झारिनाशी जुळायलाच हवा. येकातेरिनबुर्गजवळ १९९१ मध्ये उकरलेल्या अवशेषांशी त्याचा नमुना ताडून पाहिला आणि झारिना व तिच्या मुलींची हाडं ओळखली गेली. फिलिपच्या मुलांचा नमुना इथे चालला नसता.

१४. मग राजा चार्ल्स विंडसर, माउंटबॅटन की ग्ल्यूक्सबर्ग?

गादीचं घराणं विंडसर; एलिझाबेथने एप्रिल १९५२ मध्ये तसं जाहीर केलं आणि ते बदललेलं नाही. आडनाव ही वेगळी बाब. १९६० मध्ये ठरलं, की तिच्या वंशजांपैकी ज्यांना राजपदव्या नाहीत त्यांचं आडनाव माउंटबॅटन-विंडसर. गरज नसतानाही राजकन्या अ‍ॅनने १९७३ मध्ये लग्नाच्या नोंदीत तेच लिहिलं. आणि आपल्याकडे कुळ बापाकडून मोजतात तसं मोजलं, तर चार्ल्स ग्ल्यूक्सबर्ग. माउंटबॅटन हे फिलिपच्या बापाचं नाव नव्हतंच, ते आजोळचं (प्रश्न ८).

१५. फिलिपच्या अंत्यविधीला तीन जर्मन दिसले. ते कोण?

९ एप्रिल २०२१ ला फिलिप गेला. कोविडमुळे तीसच माणसांना परवानगी होती आणि त्यात तीन जागा बहिणींच्या सासरला दिल्या होत्या. बाडेनचा बर्नहार्ड हा थिओडोराचा नातू. होहेनलोहे-लांगेनबुर्गचा फिलिप हा मार्गारिटाचा नातू. तिसऱ्यावर वाचक नेहमी अडखळतात. हेसचा डोनाटुस कोणत्याच बहिणीच्या पोटचा नाही. तो सोफीच्या नवऱ्याच्या भावाचा नातू. पण सेसिलीच्या दिराला मूल नव्हतं, म्हणून त्याने डोनाटुसच्या वडिलांना दत्तक घेतलं. त्यामुळे सोफी आणि सेसिली, दोघींच्या सासरचा वारस आज तोच आहे.